हलक्या गाडीचा पिंजरा

माझं आयुष्य तुमसरच्या राइस मिलांसाठी लोखंड जोडण्यात गेलं, पण माझ्या जोडाला हात लावून पाहणारं गिऱ्हाईक मला फार उशिरा भेटलं. तोवर जो आला त्याने रंगच पाहिला. धान वर चढवणारे एलिव्हेटर, कोंड्याच्या चिमण्या, धान उकडायच्या टाक्या, सगळं मी उभं केलं. मिलमालक यायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि म्हणायचा, "मिस्त्री, हिरवा थोडा गडद पायजे होता." आतला जोड सुटला तर अख्खा एलिव्हेटर त्याच्या डोक्यावर येईल, हे त्याच्या गावीही नसायचं.

फाटकाची गिऱ्हाइकं तर त्याहून वरताण. दोन सख्ख्या भावांसाठी मी एक मोठं फाटक केलं होतं, समोरासमोर तोंड करून बसलेल्या दोन मोरांचं. पुढे भाऊ वेगळे झाले आणि फाटक घेऊन माझ्याकडे आले. मधून कापून द्या म्हणाले. कापलं. तर दोघांनाही उजवीकडे तोंड असलेलाच मोर हवा होता. शेवटी डाव्या मोराची मान कापून मी उलटी बसवली. तो मोर अजून स्वतःच्या शेपटाकडे बघत एका दारात उभा आहे, आणि त्या घरी पाहुणे आले की यजमान त्याचं कौतुक करतात.

बाहेरच्या माणसाला सांगतो, वेल्डिंग म्हणजे चिकटवणं नाही. दोन लोखंडांच्या कडा वितळवायच्या, त्यात तारेचं लोखंड मिसळायचं आणि तिन्ही मिळून एक होईपर्यंत हात हलू द्यायचा नाही. थंड झाल्यावर जोडावर एक फुगीर, खवल्याखवल्यांची रेघ उरते. खरी ताकद त्या रेघेत असते. आणि आमच्याकडे काय करतात? ती रेघ ग्राइंडरने घासून सपाट करतात, वरून पुट्टी भरतात, रंग मारतात. जोड दिसला की गिऱ्हाइकाला वाटतं काम कच्चं झालं. मीही जन्मभर घासत आलो, आणि इतकं सफाईने घासायचो की माझे जोड शोधून दाखवा म्हणून पैजा लागायच्या. फाटक घासल्याने कोणी मरत नाही, म्हणून खपून गेलं.

अशा माझ्याकडे पायल आली. पायल म्हणजे एकोडीच्या वामनरावांची मुलगी, पंचविशीतली. एकोडी साकोलीकडचं, धान पिकवणारं गाव. कापणीच्या मोसमात घरचा हार्वेस्टर ती स्वतः चालवायची आणि चिखलात रुतलेला दुसऱ्यांचा ट्रॅक्टर ओढून काढून द्यायची. एका मास्तरांनी विकलेली जुनी छोटी गाडी घेऊन तिने घरच्या अंगणात ती पार सोलून काढली होती. मागची सीट नाही, गालिचा नाही, काचा नाहीत. इंजिन मात्र असं बोलत होतं की मास्तरांनी ओळखलंच नसतं. साकोलीच्या वेल्डरांनी गाडी बघून हात जोडले होते. एकाने मात्र उत्साहाने काम करून दिलं होतं आणि ते काम दाखवायलाच तिने गाडी माझ्या दुकानात आणली.

मी आत वाकून पाहिलं. घरात पाण्याला वापरतात त्या नळाच्या पाइपाचा सांगाडा छताखाली उभा केलेला. कोपऱ्याकोपऱ्यावर आटे पाडून एल्बो बसवलेले.

"पोरी, यात पानी सोडाचं हाय का?" मी विचारलं.

"नाई काका."

"मंग एल्बो कायले लावले? एक तोटी बसव ना. शर्यत हरली तर आंघोळ करून घरी जाशीन."

ती हसली नाही. म्हणाली, "काका, नागपूरच्या पुढं मातीवरची शर्यत हाय. तथी गाड्या उलटतात. मले जितं वापस याचं हाय. बनवता का नाई, थे सांगा."

चाळीशी ओलांडलेल्या माझ्या दुकानात इतकं सरळ मागणं कोणी मागितलं नव्हतं. रंगाचं नाव नाही, मोर नाही. मी हो म्हटलं आणि मनातून घाबरलो.

शर्यतीच्या गाडीच्या आत जो पाइपांचा सांगाडा बसवतात त्याला पिंजरा म्हणतात. गाडी उलटली की पत्र्याचं छत पापडासारखं दबतं. तेव्हा चालवणाऱ्याच्या डोक्यावर न दबणारं असं काहीतरी लागतं. डोक्यामागे एक मोठी कमान, तिच्यातून छताच्या कडेने पुढे गेलेले पाइप, ते काचेच्या बाजूने खाली जमिनीपर्यंत, दाराला आडवे, कमानीत तिरपा. चालवणारा पट्ट्यांनी सीटला असा बांधलेला असतो की त्याला कुठे उडी मारता येत नाही. गाडी कितीही गडगडली तरी तो पिंजऱ्याच्या आतच राहतो. म्हणून पाइप बिनसांध्याचा लागतो, जाड लागतो आणि त्याला गरम न करता वाकवावा लागतो. शर्यतवाल्यांचे हे सगळे नियम पायलला पाठ होते. पाइपाला कुठेही होल पाडायचा नाही, हाही त्यातलाच एक.

माझं पाइप वाकवायचं मशीन जिन्याच्या रेलिंगवर वाढलेलं. पहिल्या कमानीला वळणावर चुणी पडली, ती फेकली. दुसरी फेकली. माझा अनुभव पायलसमोर असा भंगारात जमा होत होता आणि ती पुढचा पाइप उचलून देत होती. शेवटी कमान जमली. मग प्रत्येक पाइपाचं टोक चंद्रकोरीसारखं कापून दुसऱ्यावर फट न राहता बसवायचं. हे काम रेलिंगमध्ये कोणी करत नाही. तिथे फट पडली की पुट्टी असतेच.

पण खरी पंचाईत वरच्या जोडांची. पिंजरा छताला इतका खेटून बसतो की पाइपाच्या वरच्या अंगाला वेल्डिंगचा हातच पोचत नाही. बरेच लोक खालून जोडतात आणि वरचं देवावर सोडतात. मी तसं सोडलं नाही. जिथे पिंजऱ्याचे पाय येणार तिथे गाडीचा तळ चौकोनी कापला आणि अख्खा पिंजरा त्यातून खाली सोडला. छत आणि पाइपामध्ये हात जाईल एवढी जागा झाली. सगळे जोड गोल फिरून पूर्ण केले, पिंजरा परत वर उचलला आणि पायाखाली जाड प्लेटा देऊन तळ बंद केला. ही युक्ती मला चिमणीच्या कामात सुचली होती. सांगताना अजून छाती फुगते, तर फुगू द्या.

काम झालं आणि सवयीने मी ग्राइंडर हातात घेतला. पहिल्याच जोडावर चाक टेकवणार तोच पायलने मशीनचा प्लग काढला.

"काय करून राहिले काका?"

"साफ करतो. हे खरबरीत चांगलं नाई दिसत."

"दिसू द्या ना खरबरीत. मले गाडी उलटल्यावर सुंदर नाई दिसाचं."

मी तिला म्हणालो की माझे जोड घासल्यावरच लोक मला मानतात. ती म्हणाली, "लोक बाहेर रायतीन. आत मी राहीन." मी ग्राइंडर ठेवला. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं काम ज्याचा प्रत्येक जोड उघडा राहिला. मला दोन दिवस त्याच्याकडे बघवेना.

आता वामनराव. त्यांच्याशिवाय ही गोष्ट सरळ संपली असती.

वामनराव म्हणजे पटाचा माणूस. आमच्याकडे पट म्हणजे शंकरपट, छकड्याला जुंपलेल्या बैलजोडीची शर्यत. त्यांच्या जोडीने मारलेले पट, मिळवलेल्या ढाली, हरलेल्यांची तोंडं, सगळं ते समोरच्याला नको असेपर्यंत आणि त्यानंतरही सांगत. मधली काही वर्षं पट बंद होते. तेव्हा त्यांनी कोंबड्यांवर डाव लावण्यापर्यंत मजल मारली होती. म्हणून मुलीने मोटारीच्या शर्यतीचं नाव काढलं तेव्हा गावाने कपाळावर हात मारले, पण बापाने टाळी दिली. त्यांना कुठलंही पळणारं चालत होतं.

डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरने ऑपरेशन सांगितलेलं, पण हे म्हणत, "पिकू दे." धान पिकल्यासारखं.

पिंजरा बघायला आले, एक पाइप उचलून पाहिला आणि तोंड कडू केलं. "मिस्त्री, लय जड केलं तुमी."

"जड नाही केलं तर दबेल ना जी."

"तुमाले पट समजत नाई," ते म्हणाले. "छकडा जितका हलका तितका धुरकरी वाचते. जड छकडा उलटला का मानसाले दाबते. हलका उलटला का धुरकरी फेकला जाते, कपडे झटकते अन् उठते. मी कितीदा पडलो! हाय ना उभा?"

छकड्यापुरतं त्यांचं म्हणणं खरं होतं. छकड्यावर धुरकरी, म्हणजे हाकणारा, मोकळा असतो. म्हणून तर पटवाले छकड्याचं लाकूड तासून तासून काडीसारखं करतात, लोखंडी आसाला भोकं पाडतात. पण गाडीत पायल पट्ट्यांनी बांधलेली असणार होती. मी हे त्यांना सांगितलं. पायलने सांगितलं. ते हो हो म्हणाले. वामनराव हो हो म्हणाले की त्यांनी ऐकलेलं नसतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

गाडी एकोडीला गेली. पायल हार्वेस्टरच्या कामावर बाहेरगावी होती तेवढ्यात यांनी तोच एल्बोवाला वेल्डर अंगणात बोलावला आणि पिंजऱ्याच्या छताकडच्या पाइपांना बोटभर रुंदीचे होल पाडून घेतले. ओळीने. डोक्यामागच्या कमानीलासुद्धा. पायल परत आली तर बाप गाडीभोवती फिरून लोकांना सांगत होता, "पाहा, आता कशी फुलासारखी झाली."

तिने गाडी तडक माझ्याकडे आणली. मी आत बसून वर पाहिलं. तिच्या डोक्याच्या बरोबर वर जो जोड मी छातीला कळ लागेपर्यंत वाकून केला होता, त्याच्या शेजारीच आरपार होल. मला रडू आलं की राग आला ते सांगता येत नाही. भर दुकानात मी वामनरावांच्या नावाने जे काही बोललो ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

"बदलवून द्या काका," पायल म्हणाली.

"देतो. पन तुह्या बापाले पैले सांग."

"सांगितलं. थे म्हनतात, होल बुजवले तर गाडीची चाबी कुव्यात टाकीन. खरंच टाकतीन. पटात हरलेल्या छकड्याले त्याईनं आग लावली होती, मी पायली हाय." मग जरा थांबून म्हणाली, "त्याईले दिसते कोठं, काका? काळे ठिपके काढा ना."

होलाचे पाइप मी कापून काढले, दुकानामागच्या भंगारात फेकले. नवे बसवले, पुन्हा तळ उघडला, पुन्हा सगळे जोड केले. पांढरा रंग दिला. मग बाटलीचं झाकण ठेवून ओळीने काळे गोल काढले. जन्मभर रंगाच्या गिऱ्हाइकांवर दात-ओठ खाल्लेला मी, त्या गोलांच्या एका कडेला करडी छटा देत बसलो, म्हणजे होल खोल वाटावेत. छटा छान जमली. फाटकावर असं केलं असतं तर मालकाने माझा सत्कार करून हातात नारळ ठेवला असता.

वामनराव आले, हातभर अंतरावरून बघितलं आणि खूष झाले. "उचलून पायता का?" मी विचारलं. "दिसतेच ना हलकी," ते म्हणाले.

शर्यतीला मी गेलो. वावरात आखलेला मातीचा रस्ता, कडेला गर्दी, मोबाइल वर करून उभी असलेली. तपासणीवाल्याने पिंजरा पाहिला, जोडांवर बॅटरी मारली, मग ठिपके पाहून दचकला. "ये क्या है?" पायल म्हणाली, "डिझाइन है." त्याने नखाने खरवडून पाहिलं आणि गाडी पास केली. वामनराव तेव्हा गर्दीला पट सांगत होते म्हणून वाचलो.

पायल चांगली पळाली. पुढची गाडी तिने वळणावर गाठली, आणि दुसऱ्या वळणावर चाक मातीच्या धारेवर चढलं. गाडी कुशीवर गेली, मग छतावर, मग पुन्हा चाकांवर येता येता परत छतावर पडली आणि घसरत जाऊन थांबली. धूळ एवढी की काही दिसेना. गर्दी ओरडत होती. मला फक्त एवढंच आठवतं की मी मनातल्या मनात माझे जोड मोजत होतो, कोणता घाईत केला, कोणता दमल्यावर.

वामनराव पायजमा सावरत धावले. ज्या माणसाला हातभराच्या पलीकडचं दिसत नव्हतं तो सरळ गाडीपाशी पोचला. पायल पट्ट्यांत उलटी लटकली होती. तिने एक हात छताला टेकवला, पट्टा सोडला आणि खिडकीतून रांगत बाहेर आली. नाकातून थोडं रक्त, बाकी काही नाही. वामनराव तिथेच मातीत बसून लहान पोरासारखे रडले. मीही रडलो, पण मी जरा आडोशाला जाऊन.

चहा येईपर्यंत त्यांचे डोळे कोरडे झाले आणि तोंड सुरू झालं. "मी मनलो नोतो का? हलकी होती म्हनून वाचली. जड असती तर दाबली असती!" लोक माना डोलवत होते. पायल माझ्याकडे बघून नाकाला बर्फ लावत बसली. त्या दिवशी बापाचं मन मोडायची तिची हिंमत झाली नाही आणि माझी इच्छा झाली नाही. बाप बोलत होता, मुलगी जिवंत होती, तेवढ्यावर आम्ही भागवलं.

पण वामनराव एकोडीत थांबणारे नव्हते. बाजारात, लग्नात, पुन्हा सुरू झालेल्या पटात, जिथे चार माणसं तिथे होलांची महती. माझ्या दुकानात लोक यायला लागले. एकाला ट्रॅक्टरच्या टपाला होल हवे होते. एकाने तर शिडी आणली. पायल दुसऱ्या शर्यतीच्या तयारीसाठी दबलेली गाडी माझ्याकडे ठेवून गेली होती. लोक ती बाहेरूनच बघायचे आणि ठिपक्यांपुढे हात जोडायचे बाकी ठेवायचे.

मग एक दिवस स्वतः वामनराव आले आणि सोबत नाकाडोंगरीचा रामदास नावाचा एक हौशी, लग्न होऊन वर्षही न झालेला. त्यानेही गाडी बनवली होती, ती टेम्पोवर चढवून आणली होती. पिंजरा चांगल्या पाइपाचा होता, जोडही ठीक होते. आणि वामनरावांच्या सल्ल्याने वरपासून खालपर्यंत होलच होल. आरपार, खरेखुरे.

"मिस्त्री, याले फक्त रंग द्या," वामनराव म्हणाले. "बाकी सारं मी समजावून देल्लं."

पायल तिथेच स्पॅनर घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. आता गप्प राहणं म्हणजे रामदासला मारणं होतं. मी वामनरावांचा हात धरला, त्यांना पायलच्या गाडीत बसवलं आणि त्यांचं बोट वरच्या एका काळ्या गोलावर नेऊन टेकवलं.

"घाला आत," मी म्हणालो.

बोट घसरलं. त्यांनी पुन्हा दाबलं. मग शेजारचा गोल चाचपला, मग त्याच्या पलीकडचा. रामदासला वाटलं म्हातारा काही तपासतो आहे.

"बुजले का?" त्यांनी विचारलं.

"नव्हतेच. रंग हाय थो."

"पायल?" ते म्हणाले.

"हो बाबा. मले मालूम होतं."

मला वाटलं आता चावी, कुवा, आग, सगळं होणार. पण त्यांचं बोट त्या पाइपावरून पुढे सरकत सरकत गेलं. छत जिथे दबून पाइपाला चिकटलं होतं तिथे थांबलं. तिथून जोडावर गेलं. न घासलेल्या, खवल्याखवल्यांच्या त्या रेघेवरून त्यांनी बोट इकडून तिकडे नेलं, परत आणलं.

"हे खरबरीत काय हाय?"

"यानंच वाचली मी," पायल म्हणाली.

वामनरावांनी बोट तिथून उचललं नाही. डोकं मागच्या कमानीला टेकवलं, जिथे पायलचं असतं. मग मला म्हणाले, "थे मी पाडलेले कोठं हाय?"

मी भंगारातून कापलेल्या पाइपाचा एक तुकडा आणून दिला. त्यांनी त्यात बोट घातलं. बोट आरपार गेलं. ते रामदासकडे वळले आणि म्हणाले, "गाडी उतरव. सारा पिंजरा नवा लागते तुले."

तो तुकडा ते घरी घेऊन गेले. एकोडीत त्यांच्या ओसरीवर ढालींच्या रांगेत तारेने टांगला आहे. मी गेलो होतो तेव्हा पाहिला. कोणी पाहुणा आला की आधी त्याला त्यात बोट घालायला लावतात. पटाच्या गोष्टी सांगताना हा माणूस बैलाला घोडा करतो, हरलेला पट जिंकून दाखवतो. पण तुकड्याची गोष्ट एवढीच सांगतो: "हा होल मी पाडला होता. माह्या पोरीच्या डोक्यावर."